नेहमी सात दाखवणारे मीटर

आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एक पीएच मीटर, म्हणजे द्रव किती आम्ल किंवा अल्कली आहे ते मोजणारे यंत्र, होते. ते कधी बंद पडले नाही, त्याची कधी तक्रार आली नाही, आणि त्यामुळे ते बदलावे असे कोणाला वाटलेही नाही. एकदा एका विद्यार्थ्याने गंमत म्हणून त्यात लिंबाचा रस मोजला आणि मीटरने सात आकडा दाखवला. मग आम्ही साबणाचे पाणी ठेवले, तेही सात. इलेक्ट्रोडच्या काचेच्या फुग्याला केसाएवढी चीर गेली होती. अशी चीर गेली की काचेच्या आतल्या आणि बाहेरच्या द्रावणांतला विद्युतदाबाचा फरक शून्यावर येतो, आणि शून्याचा अर्थ मीटर ‘सात’ असा लावते. सात म्हणजे ना आम्ल ना अल्कली, पिण्याच्या पाण्याला शोभणारा आकडा. आम्ही त्या मीटरवर फक्त नळाचे पाणी तपासत राहिलो असतो, तर पुढची दहा वर्षे नोंदवही निर्दोष दिसली असती.

ठाणे आणि नवी मुंबईच्या पाण्याविषयी विचार करताना मला ते मीटर आठवते. या दोन्ही शहरांत पाण्यावरची चर्चा बहुधा पाणी किती आहे यावर होते. मोरबे धरण किती भरले, बारवीतून किती आले, कपात कधीपासून लागू होणार, टँकर कोणाला मिळाले, हे प्रश्न वृत्तपत्रांत आणि सोसायट्यांच्या सभांत वर्षभर फिरत असतात. पाणी कसे आहे हा प्रश्न नळाला पिवळे पाणी आले तरच उपस्थित होतो. पाणी कसे आहे हे ज्या यंत्रांच्या भरवशावर ठरते ती यंत्रे किती जुनी आहेत, प्रमाण द्रावणांवर पडताळून शेवटची कधी जुळवली आणि केव्हा बदलणार, हे तर जवळपास कोणीच विचारत नाही. जलशुद्धीकरण केंद्रातली गुणवत्ता मोजणारी उपकरणे बंद पडण्याची वाट न पाहता ठरलेल्या मुदतीनंतर बदलली गेली पाहिजेत, आणि हा खर्च अधूनमधूनची खरेदी न मानता तुरटी-क्लोरीनसारखा नित्याचा खर्च मानला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

या यंत्रांचे महत्त्व कळण्यासाठी आधी वेळेचा हिशेब पाहावा लागेल. पाण्यात रोगजंतू आहेत की नाहीत हे थेट सांगणारी तपासणी प्रयोगशाळेत होते. आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार १०० मिलिलीटर नमुन्यात ई-कोलाय हा जिवाणू मुळीच आढळता कामा नये. परंतु नमुना उबवून निष्कर्ष हाती यायला एक ते दोन दिवस लागतात, आणि तोवर ते पाणी केंद्रातून निघून, जलकुंभातून उतरून, हंड्याकळशांत भरून लोकांच्या पोटात गेलेले असते. म्हणजे ही तपासणी झालेल्या गोष्टीचा दाखला देते, होऊ घातलेल्या गोष्टीची सूचना देत नाही. ती सूचना देण्याचे काम गढूळपणा, शिल्लक क्लोरीन आणि पीएच मोजणाऱ्या साध्या दिसणाऱ्या यंत्रांकडे असते. त्यांना जंतू दिसत नाहीत, पण जंतूंना अडवणारी भिंत उभी आहे की ढासळते आहे, एवढे ती मिनिटामिनिटाला सांगू शकतात.

गढूळपणाचेच घ्या. नवी मुंबईचे स्वतःचे मोरबे धरण रायगड जिल्ह्यात धावरी नदीवर आहे आणि तिथले पाणी भोकरपाड्याच्या केंद्रात शुद्ध होऊन शहराकडे निघते. ठाणे महापालिका पिसे येथे भातसा नदीतून पाणी उचलते आणि ते टेमघरला शुद्ध करते. पहिल्या मोठ्या पावसात या दोन्ही ठिकाणी येणाऱ्या कच्च्या पाण्याचे रूप काही तासांत पालटते. भातसेसारख्या वाहत्या नदीवर तर हा बदल फारच झपाट्याने होतो. मे महिन्यात जी तुरटी पुरत होती ती जूनच्या एखाद्या रात्री अपुरी पडते. केंद्रातला केमिस्ट जार टेस्ट लावतो, म्हणजे ओळीने सहा भांड्यांत तुरटीचे किंवा पॉली ॲल्युमिनियम क्लोराइडचे निरनिराळे प्रमाण घालून कुठे गाळ नीट बसतो ते पाहतो आणि मात्रा ठरवतो. पण जार टेस्ट केव्हा लावायची हे त्याला गढूळपणाच्या मीटरवरूनच कळते. मानकानुसार गढूळपणा १ एनटीयूच्या (हे गढूळपणाचे एकक) आत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालवून घ्यावा. डोळ्याला मात्र ५ एनटीयूचे पाणीही पेल्यात जवळपास स्वच्छच दिसते, त्यामुळे इथे ‘पाहून कळते’ या अनुभवी वाक्याचा उपयोग नाही.

क्लोरीनच्या बाबतीत गुंतागुंत आणखी आहे. शिल्लक क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर असावा असे मानक सांगते, आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तर ०.५. पण सगळा क्लोरीन सारखा काम करत नाही. पाण्याचा पीएच सात असेल तर मोकळ्या क्लोरीनपैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग हायपोक्लोरस आम्लाच्या, म्हणजे जंतू मारणाऱ्या जोमदार रूपात असतो. तोच पीएच आठ झाला तर हा वाटा जेमतेम एक चतुर्थांशावर येतो. म्हणजे क्लोरीनचे मीटर अगदी अचूक असले आणि पीएचचे मीटर एका अंकाने घसरलेले असले, तरी केंद्र स्वतःची फसवणूक करून घेत असते. त्यात अमोनियाची भर पडते. उल्हास नदी कर्जत, बदलापूर, अंबरनाथ, कल्याण या वाढत्या वस्तीतून येते, उन्हाळ्यात तिच्यावर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो, आणि याच नदीतून शहाडला पाणी उचलून स्टेम हे पाणीपुरवठा प्राधिकरण ते ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदरला पुरवते. सांडपाण्यातला अमोनिया पाण्यात असेल तर घातलेला क्लोरीन आधी त्याच्याशी संयोग पावतो. अमोनियातल्या नायट्रोजनच्या एका भागाला वजनाने आठ-दहा भाग क्लोरीन खर्ची पडल्यावरच मोकळा क्लोरीन शिल्लक राहू लागतो. दिल्लीत यमुनेतला अमोनिया वाढला की वझिराबादचे केंद्र मंदावते किंवा थांबते, ही बातमी दर हिवाळ्यात येते ती याच कारणाने. आपल्याकडच्या नद्यांची वाटचाल कोणत्या दिशेने चालली आहे हे पाहता, वीस वर्षांपूर्वी जी तीन-चार यंत्रे पुरेशी होती ती आता पुरणार नाहीत. जुन्या जागी तेच नवे बसवणे एवढ्यावर हा विषय संपत नाही.

आता ही यंत्रे म्हातारी कशी होतात ते पाहू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. पंप म्हातारा झाला की आवाज करतो, तापतो आणि अखेरीस बंद पडतो. मोजणारे यंत्र मात्र तसा काही इशारा देत नाही. गढूळपणाच्या साध्या मीटरमधला दिवा मंदावला तर पाण्यातल्या कणांवरून कमी प्रकाश विखुरतो आणि पाणी आहे त्याहून स्वच्छ भासते. उलट नमुन्याच्या काचनळीवर ओरखडे असतील तर ते आहे त्याहून गढूळ भासते. क्लोरीनच्या संवेदकाच्या पडद्यावर चिकटा बसला की आकडा उतरतो आणि चालक बिचारा क्लोरीन वाढवत जातो. पाण्यात सेंद्रिय द्रव्य असेल तर त्या जादा क्लोरीनपासून ट्रायहॅलोमिथेन गटातली नको असलेली संयुगे वाढतात. काचेचा पीएच इलेक्ट्रोड चांगला सांभाळला तरी वर्ष-दोन वर्षांतच थकतो. चुका दोन्ही दिशांनी होतात, आणि त्या हळूहळू होतात.

हळूहळू होणाऱ्या चुकीशी माणूस जमवून घेतो. एका केंद्रात एक जुने चालक मला सहज म्हणाले होते, ‘सर, ह्यातून दोन वजा करून वाचायचं.’ त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती, उलट आपल्या यंत्राची नस ओळखल्याचा अभिमान होता. आपल्या घरांतही दहा मिनिटे पुढे असलेले घड्याळ असते आणि घरातल्या सगळ्यांना ते पुढे आहे हे ठाऊक असल्यामुळे कोणाची गाडी चुकत नाही. पण घड्याळाची चूक रोज तेवढीच असते. मीटरची तशी नसते. उन्हाळ्यात जमलेले ‘वजा दोन’ पावसाळ्यात लागू पडतेच असे नाही, आणि पाळी बदलून नवा माणूस आला की त्याला हे गुपित ठाऊकच नसते. वीस वर्षे त्या यंत्रापाशी उभा राहिलेला माणूस निवृत्त होतो त्या दिवशी यंत्राचा अर्धा उपयोगही त्याच्याबरोबर निघून जातो.

अशा दुर्लक्षाची किंमत जगाने मोजलेली आहे. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात १९९३च्या मार्च-एप्रिलमध्ये क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीमुळे अंदाजे ४ लाख ३ हजार लोक आजारी पडले. हा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही, तो गाळणीतच अडवावा लागतो. शहराच्या दोन केंद्रांपैकी दक्षिणेकडच्या केंद्रातून निघणाऱ्या पाण्याचा गढूळपणा त्या दिवसांत वाढून १.७ एनटीयूपर्यंत गेला. रसायनाची मात्रा ठरवायला मदत करणारे एक यंत्र चुकीच्या पद्धतीने बसवल्यामुळे वापरात नव्हते, गाळलेल्या पाण्याचा गढूळपणा अखंड मोजणारी मीटरेही वापरात नव्हती, आणि मोजणी दर आठ तासांनी होत होती. आपल्याकडे १.७ हा आकडा पाहून कोणीही चिंता करणार नाही, कारण तो ५च्या पुष्कळ खाली आहे. म्हणूनच आकडा मर्यादेत आहे की नाही एवढेच पाहणे पुरत नाही, काल ०.२ असलेला आकडा आज १.७ का झाला, हे विचारता आले पाहिजे. ते विचारण्यासाठी ०.२ आणि ०.४ यांतला फरक खात्रीने दाखवणारे यंत्र लागते, आणि थकलेले यंत्र नेमके तेवढेच करू शकत नाही.

दुसरे उदाहरण कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातल्या वॉकरटन या छोट्या गावाचे आहे. मे २०००मध्ये जोरदार पावसानंतर गावाच्या पाचव्या क्रमांकाच्या विहिरीत गुरांच्या शेणातले जंतू उतरले, सुमारे २,३०० माणसे आजारी पडली आणि ७ जण दगावले. न्यायालयीन चौकशीत निष्पन्न झाले की त्या विहिरीवर क्लोरीन आणि गढूळपणा अखंड मोजणारी यंत्रे असती तर ही साथ टळली असती. त्याच चौकशीत आणखी एक गोष्ट उघड झाली, आणि मला ती अधिक बोचते. कर्मचारी शिल्लक क्लोरीन न मोजताच रोजच्या तक्त्यात ०.५ किंवा ०.७५ असे आकडे भरत होते. नोंदवहीचा रकाना रिकामा ठेवायची मुभा नसेल आणि विश्वासाचे यंत्र नसेल, तर रकाना भरला जातोच. आपल्या महापालिकांच्या किंवा ग्रामपंचायतींच्या नोंदवह्यांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. ओटी टेस्टच्या, म्हणजे ऑर्थोटोलिडीन घालून क्लोरीन पाहण्याच्या तपासणीच्या, वहीत महिनोन्महिने एकाच शाईने, एकाच हाताने लिहिलेले सारखे आकडे मीही पाहिले आहेत. आमचे पीएच मीटर जे काम चीर गेल्यामुळे करत होते, तेच काम इथे माणूस करत असतो.

या मागणीवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो खोडसाळ नाही. केंद्रातून पाणी चांगलेच निघते, ते बिघडते वाटेत, असे पाणीपुरवठा विभागाचे अभियंते सांगतात. यात मोठे तथ्य आहे. ठाण्याच्या जुन्या वस्त्यांत जलवाहिनी आणि गटार शेजारशेजारून जातात, पाणी ठरावीक तासच येते, आणि पुरवठा थांबल्यावर रिकाम्या वाहिनीत बाहेरची घाण ओढली जाते. मग लाखो रुपये केंद्रातल्या यंत्रांवर का घालायचे, वाहिन्याच का बदलू नयेत? जानेवारी २०२५मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हाही लोकांचे लक्ष विहिरी, टाक्या आणि नळ यांच्याकडेच गेले होते.

वाहिन्या बदलायलाच हव्यात. परंतु वाटेत पाणी बिघडले हे सिद्ध करायचे असेल तर ते निघताना कसे होते याचा भरवशाचा आकडा हाताशी असावा लागतो. केंद्रात क्लोरीन ०.८ आणि सोसायटीच्या टाकीत ०.१, तर मधल्या मार्गात काहीतरी क्लोरीन खात आहे, आणि तिथे खणायचे हे ठरते. पहिलाच आकडा संशयास्पद असेल तर दुसऱ्याला अर्थ राहत नाही आणि व्हॉल्व्हमन, अभियंता आणि सोसायटीचा सचिव यांच्यात नुसती टोलवाटोलवी चालते. ठाण्यात तर हे अधिकच खरे आहे, कारण या एका शहराला स्वतःची योजना, स्टेम, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार ठिकाणांहून पाणी मिळते. नवी मुंबईचे नाव मोरबेशी जोडलेले असले तरी दिघा-ऐरोलीकडच्या काही भागाला एमआयडीसीचे बारवीचे पाणी येते. जिथे एक संस्था दुसरीच्या हाती पाणी सोपवते, तिथे किती पाणी दिले ते मोजणारे मीटर असतेच, कारण त्यावर बिल निघते, आणि ते बिघडले तर कोणी आठवडाभरही स्वस्थ बसत नाही. त्याच चौथऱ्यावर गढूळपणा आणि क्लोरीन मोजणारी अखंड चालणारी यंत्रे असावीत आणि त्यांचे आकडे दोन्ही संस्थांना एकाच वेळी दिसावेत, अशी मागणी निदान ठाण्यातल्या नगरसेवकांनी करायला हरकत नाही.

पैशांचा मुद्दा मी थोडक्यात आटोपतो. शुद्धीकरण केंद्राचे बांधकाम, पंप आणि वाहिन्या यांचे हिशेब कोटींत असतात, मोजणाऱ्या यंत्रांचे लाखांत. अडचण रकमेची नाही, लेखाशीर्षाची आहे. ही उपकरणे केंद्र उभारताना भांडवली खर्चात येतात, त्यांना जडसंग्रह नोंदवहीत क्रमांक मिळतो, आणि तिथून पुढे ती निर्लेखित, म्हणजे कागदोपत्री बाद, होईपर्यंत सुस्थितीत आहेत असे गृहीत धरले जाते. निर्लेखनासाठी यंत्र नादुरुस्त असावे लागते. जे सुरू आहे पण खोटे बोलते, त्याच्यासाठी कागदावर रकानाच नाही. त्यात नवी मुंबई महापालिकेचा कारभार मे २०२०पासून आणि ठाण्याचा मार्च २०२२पासून कित्येक वर्षे प्रशासकांच्या हाती राहिला, त्यामुळे स्थायी समितीत उठून ‘हे मीटर केव्हा घेतले’ असे विचारणारा नगरसेवकही त्या काळात नव्हता. (असता तरी त्याने विचारले असते का, हा वेगळा प्रश्न.)

तरीही नवी यंत्रे घ्या असे नुसते म्हणण्यात मला धोका दिसतो, कारण खरेदी करणे आपल्या यंत्रणेला फार आवडते. सर्वांत कमी दराची निविदा मंजूर होते, चकचकीत विश्लेषक यंत्रे येतात, उद्घाटनाचे छायाचित्र निघते, आणि दोन वर्षांनी त्यांचे द्रावण संपते. ते द्रावण त्याच कंपनीचे लागते, त्याचा दर निविदेत नव्हता, मग दरपत्रके मागवण्यात पावसाळा निघून जातो आणि केमिस्ट पुन्हा कपाटातले ओटीचे बाटलीबंद रसायन बाहेर काढतो. ऑर्थोटोलिडीन हे रसायन हाताळायला धोकादायक मानले जाते, त्याने मोकळा क्लोरीन आणि अमोनियाशी जोडला गेलेला क्लोरीन यांत नीट भेद करता येत नाही, आणि डीपीडी ही त्याहून चांगली पद्धत उपलब्ध आहे. तरीही ओटी टिकून आहे, कारण ते स्वस्त आहे आणि संपले तर कुठेही मिळते. या साध्या गुणाचा विचार नवे यंत्र निवडताना झाला पाहिजे. निविदा यंत्राच्या किमतीवर न काढता त्याच्या सात-आठ वर्षांच्या एकूण खर्चावर काढावी. त्यात द्रावणे, दिवे, इलेक्ट्रोड, प्रमाण द्रावणांनी करायचे कॅलिब्रेशन आणि बिघाडानंतर किती तासांत माणूस येणार हे सगळे धरावे.

आणखी एक गोष्ट व्यवहाराची आहे. नवे यंत्र मे अखेरीस बसवू नये. आर्थिक वर्ष मार्चमध्ये संपते म्हणून खरेदी मार्चमध्ये होते, बसवण्याचे काम पावसाच्या तोंडावर येते, आणि वर्षातल्या सर्वांत कठीण दिवसांत कर्मचारी अनोळखी यंत्रासमोर उभे राहतात. ते जानेवारीत चालू व्हावे आणि जुने यंत्र लगेच न काढता दोन्ही शेजारी शेजारी एक संपूर्ण पावसाळा चालू द्यावीत. दोन्हींचे आकडे मांडून पाहिले की जुने किती आणि केव्हा चुकत होते हे कळेल, त्यामुळे मागच्या वर्षांच्या नोंदींकडे कसे पाहायचे तेही कळेल, आणि ‘दोन वजा करून वाचायचे’ म्हणणाऱ्या माणसाचा अनुभव कागदावर उतरेल. त्याच्यासारख्यांची आणि केमिस्टची पदे रिकामी ठेवून किंवा ठेकेदाराच्या हंगामी माणसांनी भरून यंत्रे बदलली, तर त्या खर्चातून फारसे काही साधणार नाही.

राहिला प्रश्न तपासणाऱ्याला तपासायचे कोणी. वाशीच्या बाजारातला भाजीवाला जो इलेक्ट्रॉनिक तराजू वापरतो, तो त्याला दरवर्षी वैधमापनशास्त्र विभागाकडून पडताळून घेऊन त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो, नाहीतर दंड होतो. पावशेर भेंडीत गिऱ्हाईक फसू नये म्हणून ही व्यवस्था आहे आणि ती योग्यच आहे. एका शहराचे पाणी पिण्यालायक आहे की नाही हे ठरवणाऱ्या गढूळपणाच्या किंवा क्लोरीनच्या मीटरवर असा बाहेरचा शिक्का मारून घेण्याची सक्ती नाही. आयएस १०५००सुद्धा नळाच्या पाण्यासाठी कायद्याने बंधनकारक नाही. राज्याने निदान यंत्रांपुरता नियम करावा, वर्षातून एकदा त्रयस्थ प्रयोगशाळेने येऊन प्रत्येक यंत्र प्रमाण द्रावणांवर पडताळावे आणि त्याची तारीख यंत्रावरच चिकटवावी.

राज्य नियम करील तेव्हा करील. तोपर्यंत महापालिकांना त्यांच्या अधिकारात करता येण्यासारखे बरेच आहे. पर्यावरण स्थिती अहवालात पिण्यायोग्य नमुन्यांची टक्केवारी छापली जाते, तिच्या शेजारी ती टक्केवारी ज्या यंत्रांवर काढली त्यांचे वय छापता येईल. शहरात हवेची गुणवत्ता दाखवणारे फलक आहेत, तसा पाण्याचाही एक फलक प्रत्येक प्रभाग कार्यालयाबाहेर लावता येईल: आज केंद्रातून निघालेल्या पाण्याचा गढूळपणा, शिल्लक क्लोरीन, पीएच, आणि त्याखाली, त्याच आकाराच्या अक्षरांत, हे मीटर शेवटचे कोणत्या तारखेला जुळवले.